कावळ्याचे शुभेच्छापत्र

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, दरवर्षी नरसी नामदेवहून आषाढीला पायी पंढरपूरला जायची. यंदा गुडघ्यांनी तिला घरीच बसवले. वारी चुकलेल्या माणसाला दुकानातले गुलाबाचे कार्ड काय पाठवायचे? म्हणून जाड कागद दुमडला, नातवाची जलरंगांची पेटी मागून घेतली आणि कावळा काढायला बसलो.

कावळाच का, हे वारकऱ्यांना सांगायला नको. माउलींच्या विरहिणीत पांडुरंगाच्या येण्याचा शकुन त्यालाच तर विचारला आहे. आक्का भजनी मंडळात ती विरहिणी म्हणते.

कावळा दिसतो तितका सोपा नाही. त्याची मान राखाडी, डोके आणि पंख काळे. पेटीतला काळा रंग तसाच लावला तर तो मेल्यासारखा दिसतो. गडद निळ्यात तपकिरी मिसळावा लागतो. डोळ्यातली चमक तर रंगाने येतच नाही. तेवढा ठिपका कागद कोराच ठेवायचा. एकदा तिथे रंग गेला की गेला. दोन दुपार मी आक्काच्या अंगणातला कावळा आठवत बसलो होतो. चित्र चांगले उतरले. खाली झोकदार सही केली.

आणि मग मोबाईलवर त्याचा फोटो काढून सगळ्या गटांत पाठवला.

"वा!", "अप्रतिम!" असे कितीतरी आले. एकाने "शुभेच्छापत्रावर कावळा?" असे विचारले, त्याचा मला दिवसभर राग होता. दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन आक्काकडे गेलो. तिने ते हातात घेतले आणि सरळपणे म्हणाली, "अरे, हा तर मी काल सूनबाईच्या मोबाईलवर पाहिला. छान आहे."

कागद तोच, कावळा तोच. मग कमी काय झाले? आनंद चार जणांना दाखवणे हे काही पाप नाही. कीर्तन तर भर सभेतच होते. पण कीर्तनकार चौघांसमोर उभा राहून एकासाठी गातो. मी एकीसाठी काढलेले चित्र घेऊन चौघांसमोर उभा राहिलो. आक्काच्या हाती पडले ते वाहून झालेले फूल.

सहीचा दोष म्हणावा, तर संतांनीही अभंगाच्या शेवटी आपले नाव घातलेच आहे. जनाबाई मात्र स्वतःला नामयाची दासी म्हणवते, आपले नाव दुसऱ्याच्या सेवेला बांधते. आणि नामदेवरायांनी स्वतःसाठी जागा मागितली ती महाद्वाराची पायरी. दर्शनाला जाणाऱ्या संतांचे पाय लागावेत म्हणून. माझी सही मात्र कावळ्याच्या पायाशी असूनही सगळ्यांच्या नजरेत भरेल अशी होती.

गोरोबाकाकांनी थापटणे डोक्यावर मारले तेव्हा नामदेवराय रुसले आणि कच्चे मडके ठरले. मग ते आपल्याच जिल्ह्यातल्या औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, असे परंपरा सांगते. एवढ्या थोर भक्ताचे ते झाले, मग एका "शुभेच्छापत्रावर कावळा?"ने दिवसभर धुमसणाऱ्या माझ्या मडक्याबद्दल काय बोलावे!

आठ दिवसांनी दुसरा कावळा काढला. घाई झाली, पंख वाळायच्या आत मानेला ब्रश लावला आणि काळा रंग राखाडीत पसरला. पुन्हा काढावा असे फार वाटले. पण चांगला कुणासाठी हवा होता, हे या वेळी मला माहीत होते. तसाच घेऊन गेलो. नाव मागच्या बाजूला, पेन्सिलीने.

आक्काने खिडकीशी धरून पाहिला. "याची मान ओली झाली की रे. पावसात बसला होता का?" म्हणाली, आणि तो विठोबाच्या तसबिरीला टेकवून ठेवला. तिथे तो फार शोभत होता. माझा हात दोनदा खिशातल्या मोबाईलकडे गेला.