गुण्याखालचा उजेड

कन्हानमध्ये रस्ता ओलांडायचा तर आधी कोळशाचे ट्रक जाऊ द्यावे लागतात. कामठी, इंदर, गोंडेगाव या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणी आसपास, कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं थोड्या अंतरावर आणि गावाला नाव देणारी नदी नागपूरच्या नळांना पाणी पुरवणारी. दुसऱ्यांची घरं उजळावीत म्हणून राबणाऱ्या हातांचं हे गाव.

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी असाच एक बाप माझ्या घरी आला. खाणीवर कंत्राटदाराकडे काम करणारा. त्याच्या मोबाइलवर मुलाचे गुण होते, अठ्ठावन्न टक्के. मुलगा दाराशी खाली मान घालून उभा होता. मोहल्ल्यातले बंद पडलेले पंखे आणि मिक्सर हाच मुलगा दुरुस्त करतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी आयटीआयचं नाव काढलं. बापाचा चेहरा उतरला. म्हणाला, "सर, मी जिंदगीभर हातानंच काम केलं जी. पोट्ट्यानंही तेच करायचं काय?"

श्रमप्रतिष्ठेचं भाषण माझ्या ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. त्या माणसाला कष्टांची लाज मुळीच नव्हती. त्याला धास्ती होती ती अडकून पडण्याची. हाताचं काम धरलं की माणूस जन्मभर त्याच पायरीवर राहतो, हे त्यानं स्वतः भोगलं होतं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे: एखाद्या वाटेला मान मिळतो तो ती पुढे कुठवर नेते यावरून. दहावीनंतरच्या वाटांबद्दल बोलायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी.

खरं म्हणजे आपल्या राज्यात या वाटांना जिने आहेत. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट असा दोन वर्षांचा ट्रेड दहावीनंतर पूर्ण केला आणि मंडळाचे भाषा विषय दिले, की बारावीची समकक्षता मिळते. तोच मुलगा पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागू शकतो. पदविका झाली की अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाचं दार उघडतं. दहावीत अडखळलेल्यालाही पुरवणी परीक्षा आहे, एक-दोन विषय राहिले तर एटीकेटी आहे, आणि वेल्डर, वायरमन यांसारखे ट्रेड आठवी पास मुलांनाही खुले आहेत. राज्यात शासकीय आयटीआय चारशेहून अधिक आहेत. पण हे सगळं घरात कळतं कधी? निकालानंतर, आणि तेही गुण कमी पडले तरच. ज्या वाटेचं नाव पोराच्या कानावर पहिल्यांदा शिक्षा म्हणून पडतं, त्या वाटेवर ते मनापासून कसं चालेल?

शिक्षण हक्क कायद्याची हमी 14 वर्षं वयापर्यंत. दहावीचा निकाल येतो तेव्हा मूल पंधरा-सोळाचं झालेलं असतं. म्हणजे सगळ्यात अवघड वळणावर कायद्यानं त्याचं बोट आधीच सोडलेलं असतं. मग बरोबरीच्या पोरांनी जो फॉर्म भरला, तोच तेही भरतं.

एका आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये पाहिलेलं एक दृश्य मला विसरता येत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलानं वाईसमध्ये लोखंडाचा चौकोनी तुकडा पकडला होता. कानस चालवायची, कीस झटकायचा, कडेवर गुण्या ठेवायचा आणि तुकडा खिडकीकडे धरून डोळा बारीक करायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, की कड अजून सरळ झालेली नाही. जो भाग टेकतो तो उंच; तो घासायचा. मग पुन्हा गुण्या, पुन्हा खिडकी. तासाभरानं ती रेघ मिटली, तेव्हा त्या मुलानं कुणाकडेही न पाहता नुसता श्वास सोडला. वहीतला काटकोन त्याच्या बोटांत उतरला होता. पुढे तो व्हर्निअरवर 0.02 मिलिमीटर वाचायला शिकणार होता. याला बुद्धीचं काम म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

हा विचार आपल्याकडे नवा नाही. शेजारच्या वर्ध्यात ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. उद्योगाच्या आधारानं सगळं शिक्षण, ही नई तालीमची कल्पना तिथे मांडली गेली आणि झाकिर हुसेन समितीनं तिला अभ्यासक्रमाचं रूप दिलं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली गावातली पोरं तिथे वेल्डिंग, वीज, शेती, बांधकाम करता करता विज्ञान शिकू लागली. करून शिकणं ही शिकण्याची मूळ रीत आहे, नापासांसाठीची सवलत नव्हे, हे पाबळनं दाखवून दिलं.

तरीही त्या बापाच्या प्रश्नाला एवढं उत्तर पुरत नाही. निदेशकांच्या जागा रिकाम्या असतील, यंत्रं जुनी असतील, तर ट्रेड कागदावरच राहतो. शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 पासून आहे. पण उमेदवाराला कमी पैशांत राबणारा गडी मानलं तर तो शिकणार काय? जर्मनीत मूल आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत असतं, आणि त्याला शिकवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी असते. आपल्याकडेही शिकलेल्या हाताला कंत्राटी हजेरीपेक्षा वेगळा दाम मिळाला पाहिजे. दाम आणि पुढची पायरी, या दोन गोष्टी दिल्या की प्रतिष्ठेची भाषणं करावी लागणार नाहीत.

मुलींची गोष्ट आणखी बिकट. त्यांची शाखा बहुतेकदा बस ठरवते. वीसेक किलोमीटरवरच्या नागपूरला रोज जायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं. ज्या कॉलेजात हे जमतं, तीच तिची आवड ठरते. मुलींसाठी वसतिगृह आणि वेळेवर धावणारी बस हासुद्धा शिक्षणाचाच खर्च आहे.

दिवाळी येते तेव्हा दहावीच्या परीक्षेला तीन-चार महिने असतात. माझी कळकळीची विनंती आहे: निकालाची वाट पाहू नका. दिवाळीच्या सुटीत पोराला, पोरीला घेऊन जवळच्या आयटीआयची, पॉलिटेक्निकची, एखाद्या चांगल्या गॅरेजची चौकशी करा. दाखवू देतील तिथे वर्कशॉप दाखवा. पंच्याण्णव टक्के मिळवणाऱ्यालाही न्या. दोन वर्षांनी काय, पाच वर्षांनी काय, पुढची पायरी कोणती, हे त्याच्यासमोर विचारा. जमलं तर एकदा त्याच्या हातात कानस आणि गुण्या द्या, आणि तो तुकडा उजेडाकडे धरतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. मग अकरावीचा फॉर्म भरायचा की दुसरा, ते त्याला ठरवू द्या.