ज्येष्ठ कोणास म्हणावे?

बारावी झालेली आपली मुले गाव सोडून शहरातील वसतिगृहांत राहावयास जातात. सामान टेकविले नाही तोच वरच्या वर्गातील मुले त्यांना रात्री खोलीवर बोलावतात. मान खाली घाल, नाच, गावची बोली बोलून दाखव, जात सांग! यास रॅगिंग म्हणतात. म्हणे, ओळख करून घेण्याची रीत! ज्या ओळखीने पोराची झोप उडते, ती कसली ओळख?

ही मुले स्वतःस ज्येष्ठ म्हणवितात. पाणिनिमहर्षींनी 'ज्येष्ठ' हा शब्द दोन शब्दांवरून साधला आहे. आधी प्रशस्य, म्हणजे प्रशंसेस पात्र, आणि मागाहून वृद्ध. वयाचा मान दुसरा! (हे घोकताना गुरुजींची छडी खाल्ली, म्हणून अजून ध्यानात आहे.)

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी कीर्तन आटोपल्यावर एक मुलगा पाया पडला आणि हळूच म्हणाला, "महाराज, कॉलेजात परत जाववत नाही." मी म्हणालो, "बाळा, सोसावे. मुक्ताईने माउलींना क्षमाच सांगितली ना?" तो गप्प निघून गेला. पुढे त्याने शिक्षण सोडल्याचे कळले, तेव्हा उमगले की मी अर्धीच कथा सांगितली होती. लोकनिंदेने उद्विग्न होऊन माउलींनी ताटी लावून घेतली, तेव्हा धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहिली. दार उघडेपर्यंत हलली नाही. मी मात्र त्या पोराची ताटी बाहेरून ओढून घेतली.

क्षमा म्हणजे मनात वैर न धरणे. तक्रार न करणे नव्हे. आज आपण गप्प बसलो तर उद्या त्याच खोलीत दुसरे लेकरू उभे असते. २००९ साली हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वरच्या मुलांच्या मारहाणीने मृत्यू पावला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने कडक नियम केले. आपल्या महाराष्ट्रात तर १९९९ पासूनच कायदा आहे: अपराध्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजारांपर्यंत दंड. तक्रार येताच संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची. टाळाटाळ केली तर तोही अपराधास साहाय्य करणारा ठरतो.

तेव्हा आईबापहो, सुट्टीत घरी आलेले मूल बोलेनासे झाले तर आधी गुण विचारू नका. जेवू घाला, शेजारी बसा. मग प्राचार्यांकडे तुम्ही स्वतः बरोबर जा. अर्ज लिहिता येत नसेल तर कीर्तनानंतर मला भेटा. मी लिहून देईन. अक्षर अजून बरे आहे.