वास्तुनिधी आणि सात्त्विक दान

दिवेलागणीची वेळ ही आपल्या घरांत परंपरेने मुलांची वेळ मानली गेली आहे. हातपाय धुऊन देवापुढे बसावे, शुभंकरोती म्हणावी, पाढे-परवचा म्हणावा आणि मग आजीजवळ बसून एखादी पुराणकथा ऐकावी, असा क्रम घरोघरी होता. आज शहरांत आणि मोठ्या गावांत शाळा सुटते तेव्हा पुष्कळ घरांना कुलूप असते. आईवडील दोघेही उदरनिर्वाहासाठी बाहेर, आजी-आजोबा दूर गावी, आणि जेथे मोकळे अंगण होते तेथे आता इमारती उभ्या राहिलेल्या. शाळा सुटल्यापासून आईवडील परतेपर्यंतचे दोन-तीन तास मूल एकटे असते. मोबाइलच्या पडद्यापुढे असते, नाहीतर नाक्यावर असते. अशा मुलास बिघडलेले म्हणणे अन्यायाचे होय. त्याला जावयाला जागा नाही, एवढेच त्याचे दुःख आहे.

म्हणून ठिकठिकाणचे विचारी गृहस्थ एकत्र येऊन ठरवितात की, आपल्या वस्तीत शाळेनंतर मुलामुलींना जमता येईल अशी एक वास्तू उभारावी. तीत अभ्यासाची एक खोली असावी, थोडी पुस्तके असावीत, व्यायामाची व खेळाची सोय असावी आणि लक्ष ठेवणारे कोणी वडीलधारे माणूस असावे. संकल्प उत्तम, परंतु वास्तू संकल्पाने उभी राहत नाही. वास्तुनिधी जमवावा लागतो. पावतीपुस्तके छापली जातात, घरोघर फेरी निघते, आणि त्याच क्षणी देणाऱ्याच्या व मागणाऱ्याच्या मनातील सर्व गुणदोष उघडे पडू लागतात. देवळाच्या जीर्णोद्धारास द्यावे हे आम्हांस समजते. मुलांच्या खेळाच्या जागेस देणे हा धर्म कसा? द्यावे तर किती व कोणत्या भावनेने? मागावे तर कसे? या शंकांचे उत्तर श्रीमद्भगवद्गीतेत शोधले असता ते मिळते. आणि ते आपणांस वाटते त्यापेक्षा अधिक स्पष्ट आहे.

तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी यज्ञचक्र सांगितले आहे. सृष्टीकडून आपल्याला सतत मिळत असते. जो मिळालेले परत न करता एकटाच भोगतो त्याला भगवंतांनी चोर म्हटले आहे. शब्द कठोर आहे, पण विचार करावा. आज जो गृहस्थ मिळवता आहे त्याला कोणी तरी शिकविले, कोणाच्या तरी अंगणात तो खेळला, कोणा शेजारणीने त्याच्या पडल्या गुडघ्याला हळद लावली. त्या ऋणाची फेड त्याच माणसांना करता येत नाही, कारण त्यांतील बहुतेक आज नाहीत. ते ऋण पुढच्या पिढीकडेच फेडावयाचे असते. चक्र फिरते ते असे. मुलांच्या वास्तूस दिलेले दान हे उपकार नव्हे. ती परतफेड आहे.

सतराव्या अध्यायातील दानाचा विचार येथे नेमका लागू पडतो. देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच बुद्धीने, योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्री आणि ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही त्याला दिलेले दान सात्त्विक होय, असे विसाव्या श्लोकाचे तात्पर्य आहे. देश कोणता? आपलीच वस्ती. काळ कोणता? दहा-बारा वर्षांपासून सतरा-अठरा वर्षांपर्यंतचे वय. त्या वयातील संगत जन्मभर पुरते, आणि ते वय कोणासाठी थांबत नाही. पात्र कोण? मूल. मुलासारखा अनुपकारी दुसरा कोणी नाही. ते आपणांस मत देत नाही, व्यापार देत नाही, पुष्कळदा आपले नावही त्याला ठाऊक नसते. ते मोठे होऊन समाजाच्या उपयोगी पडेल तेव्हा देणारा बहुधा या लोकी नसेल. म्हणूनच हे दान शुद्ध राहू शकते.

राहू शकते असे म्हटले. राहतेच असे नाही. पुढच्याच श्लोकात राजस दान सांगितले आहे: परतफेडीसाठी दिलेले, फळावर दृष्टी ठेवून दिलेले, किंवा मनाला क्लेश होत असता दिलेले. या तिसऱ्या प्रकाराकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आपल्याकडे वर्गणीची जी रीत पडली आहे तीत हा दोष फार शिरला आहे. दारात आठ-दहा जण उभे राहतात, शेजाऱ्याने किती दिले ते मोठ्याने वाचून दाखवितात, आकडा आधीच पावतीवर लिहिलेला असतो. गृहस्थ कुढत पैसे देतो आणि दार लावून घेतो. त्या पैशाने विटा येतील. पण घेणाऱ्याने दात्याच्या मनात क्लेश उत्पन्न करून त्याचे दान खालच्या पायरीवर ओढले, हे पाप मागणाऱ्याकडे राहिले. याहून वाईट म्हणजे अशा फेरीत मुलांना पुढे करणे. ज्यांच्यासाठी संस्कारांची वास्तू बांधावयाची त्यांनाच दडपून मागण्याचा पहिला संस्कार द्यावयाचा, हे विपरीत होय. बाविसाव्या श्लोकात तामस दानाचे लक्षण सांगितले आहे. अवज्ञेने, सत्काराविना दिलेले ते दान. मागावयास आलेल्या कार्यकर्त्याला उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवून मोठी रक्कम फेकणारा, आणि त्याला पाणी देऊन दहा रुपये हाती ठेवणारा, या दोघांत अधिक कोणी दिले याचा निर्णय भगवंतांच्या तराजूत वेगळा होतो.

आता या कार्यातील सर्वांत अवघड प्रसंगाचा विचार करू. निधी निम्म्यावर अडतो. कार्यकर्ते थकतात. त्या वेळी एखादा धनिक सांगतो, ‘उरलेली सर्व रक्कम मी देतो, वास्तूस माझ्या घराण्याचे नाव द्या आणि व्यवस्था माझ्या विचाराने चालवा.’ मंडळातील अर्धे म्हणतात, नाव देण्यात काय बिघडते, मुलांना छप्पर तर मिळेल! अर्धे म्हणतात, वस्तीचे काम एका माणसाच्या हाती जाईल. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा प्रसंग कठीण. सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीचा मनुष्य काय बोलतो ते सांगताना, मी यज्ञ करीन, मी दान देईन, असेच शब्द भगवंतांनी त्याच्या तोंडी घातले आहेत. दान दोन्ही संपत्तींत आहे. दैवी संपत्तीच्या गुणांतही त्याची गणना आहे. भेद फक्त त्या ‘मी’चा आहे.

याचा अर्थ धनवंताचे द्रव्य नाकारावे असा नव्हे. पंडित मदनमोहन मालवीय यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयासाठी देशभर हिंडून निधी जमविला, राजेमहाराजांकडून मोठमोठ्या रकमा घेतल्या, आणि १९१६ साली त्या विद्यापीठाची पायाभरणी झाली. परंतु त्या विश्वविद्यालयाचे नाव कोणा एका दात्याचे नाही. मोठे दान आदराने घ्यावे. त्याच्यासोबत येणारी मालकी नम्रपणे परत करावी. आणि धनिकाने ती मालकी सोडण्यास नकार दिला, तर वास्तू दोन वर्षे उशिरा होईल हे पत्करावे. छप्पर येण्यापूर्वीही झाडाखाली, देवळाच्या ओसरीवर, शाळेच्या मोकळ्या वर्गात मुलांना जमविता येते. उशीर सोसता येतो. एका माणसाच्या मर्जीवर चालणारी वास्तू मुलांना सोसवत नाही.

अनेकांच्या थोड्या थोड्या देण्याने मोठी कामे होतात का, असा संशय घेण्याचे आपणांस कारण नाही. अंताजी दामोदर काळे यांनी दरमाणशी वर्षाला एक पैसा या हिशेबाने पैसाफंड जमविण्याचा ध्यास घेतला, आणि त्याच फंडातून १९०८ साली तळेगाव येथे काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली सातारा येथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. तेथे मुलांच्या अन्नाची अडचण पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, दिले. पुढे घरोघरच्या स्त्रियांनी मूठ मूठ धान्य बाजूला काढले आणि त्या मुष्टिफंडाने परक्यांची मुले जेवली. मूठभर धान्य देणारी ती गृहिणी त्या मुलांची आईच झाली. पत्र, पुष्प, फळ वा पाणी, भक्तीने दिलेले काहीही आपण स्वीकारतो, असे नवव्या अध्यायातील भगवंतांचे आश्वासन आहे. त्याचा अर्थ अशा वेळी कळतो.

याहूनही जुनी एक रीत आपल्याकडे होती. परगावाहून शिकावयास आलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे त्याचे सात दिवस वाटून घेत. एकाही घरावर मोठा भार पडत नसे आणि मूल उपाशी राहत नसे. आजच्या आपल्या मुलांना अन्न आहे. त्यांची भूक वेगळी आहे. त्यांना सायंकाळ हवी आहे, आणि त्या सायंकाळी कोणी तरी मोठे माणूस जवळ हवे आहे. म्हणून वास्तुनिधीची पावती फाडणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला दुसरा प्रश्न विचारावा: आठवड्यातील कोणता वार मी देणार?

हा प्रश्न गौण नाही. अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना प्रकारचे प्रयत्न आणि दैव. आचार्यांनी अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ केला आहे. आपल्या कामापुरते पाहिले तर वास्तू हे त्या सेवेचे शरीर होय. पाचांपैकी ते एक. पुस्तके, चेंडू, दिवे ही करणे झाली. पण कर्ताच नसेल, रोज सायंकाळी कुलूप उघडणारा कोणी नसेल, तर उरले काय? असे सभागृह कित्येक ठिकाणी आढळते. उद्घाटनाच्या दिवशी भाषणे झाली, हार पडले. पुढे देखभालीचा खर्च निघेना म्हणून ते लग्नकार्यांस भाड्याने देऊ लागले. आणि ज्या मुलांसाठी ते बांधले ती बाहेर रस्त्यावर चेंडू खेळत राहिली. म्हणून निधी मोजताना भिंतींबरोबरच पुढील काही वर्षांच्या वीज-पाण्याचा, डागडुजीचा व देखरेखीचाही हिशेब धरावा. शरीर बांधले आणि प्राण विसरले, असे होऊ नये.

मागणाऱ्यांचाही धर्म आहे. श्रेष्ठ जसे वागतात तसे इतर लोक वागतात, हे तिसऱ्या अध्यायातील वचन कार्यकारी मंडळाने आपल्या खतावणीवर कोरलेले आहे असे समजावे. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांनी हिशेब ठेवावा व तो तपासून घ्यावा असे १९५० च्या कायद्याने ठरविले आहे. परंतु धर्म कायद्याच्या पुढे एक पाऊल असतो. दर महिन्याला किती आले, किती खर्चले, किती उरले, हे साध्या मराठीत फळ्यावर लिहावे, म्हणजे पाच रुपये देणाऱ्या मोलकरणीलाही ते वाचता येईल. मुलांचा पैसा हा देवाचा पैसा आहे. त्यात एका रुपयाचा घोटाळा झाला तरी वस्तीचा विश्वास जातो, आणि पुढच्या पिढीच्या कोणत्याही सत्कार्यास दारे बंद होतात.

शेवटची शंका अशी की, ‘आमच्या मुलांना शिकवणी आहे, घरी सर्व सोयी आहेत, आम्ही कशासाठी द्यावे?’ जो दुसऱ्याचे सुखदुःख स्वतःच्या उपमेने पाहतो तोच परम योगी, असे सहाव्या अध्यायात सांगितले आहे. पहारेकऱ्याचा मुलगा आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी आपल्या मुलाच्याच वयाची आहेत. त्यांना त्या दारातून आत येताना क्षणभरही थांबावे लागत असेल, तर त्या वास्तूच्या पायात गीता नाही असे समजावे. मुलींची वेळ, मुलींची सुरक्षितता आणि मुलींचा खेळ यांचा विचार आराखडा काढतानाच झाला पाहिजे, मागाहून नव्हे.

यासाठी प्रत्येक गृहस्थाने तीन संकल्प करावेत. आपल्या प्राप्तीतून जमेल तो अंश, कुढत नव्हे तर प्रसन्न मनाने द्यावा. आठवड्यातील एक सायंकाळ वार म्हणून द्यावी; मग ती गणित शिकविण्यात जावो, कथा सांगण्यात जावो, की नुसते बाकावर बसून लक्ष ठेवण्यात जावो. आणि दिल्यानंतर ते विसरावे. दानाच्या विवेचनानंतर भगवंतांनी ‘तत्’ या शब्दाचे रहस्य सांगितले आहे. फळाची इच्छा न धरता यज्ञ, तप व दान करणारे मुमुक्षू तो शब्द उच्चारून कर्म करतात. तत् म्हणजे ते त्याचे, माझे नव्हे. ही भावना ठेवून ज्या वस्तीत वास्तू उभी राहील, त्या वस्तीत दिवेलागणीला मुलांचा गलबला ऐकू येईल. देवघरातील समईइतकाच तोही भगवंतास प्रिय होईल.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥