शहर दाखवायचे कोणाला?

जून-जुलैत लातूरला मराठवाड्यातून आणि बाहेरूनही आईवडील मुलांना घेऊन येतात. राजर्षी शाहू किंवा दयानंदला प्रवेश, क्लासची फी, रूम, मेस एवढे उरकले की पालक परततात. मूल दोन वर्षे राहते आणि नीटचा निकाल लागला की तेही जाते. नांदेडला अशी मुले येतातच, शिवाय देशभरातून शीख भाविक सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला येतात. बाहेरून आलेल्या माणसांवर या दोन्ही शहरांची रूम, मेस, ऑटो, दुकाने चालतात. आपण मात्र या सगळ्यांच्या हाती एकच यादी देतो: गुरुद्वारा, माहूर, कंधारचा किल्ला, औसा, खरोसा, उदगीर आणि पुढे किलोमीटर.

माझे म्हणणे असे की, या शहरांची मार्गदर्शिका ठिकाणांच्या क्रमाने न लिहिता येणाऱ्याच्या आवडीच्या क्रमाने लिहावी.

पाण्याचेच पाहा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्याला शेती, अभियांत्रिकी किंवा राज्यकारभार समजून घ्यायचा आहे, त्याने लातूरला पाणी पुरवणारे धनेगावचे मांजरा धरण पाहावे आणि तिथून नांदेडजवळच्या विष्णुपुरीला जावे. तिथे गोदावरीचे पाणी उपसून शेतीला दिले जाते. मांजरा पुढे तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीलाच मिळते. पाणी ही आवड धरली की दोन शहरे एका प्रवासात येतात. तालुकावार यादीत ती सुटीच राहतात.

विज्ञानाच्या मुलाला लातूर जिल्ह्यातली किल्लारी दाखवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे इथे भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या जड घरांखाली गाडली गेली. दख्खनचा हा भाग भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानला जात होता. भूगर्भशास्त्र, घरबांधणी आणि पुनर्वसन हे तिन्ही विषय तिथे एकत्र भेटतात. मात्र तिथे सहलीच्या उत्साहाने जाऊ नये, हेही पुस्तिकेने सांगितले पाहिजे.

विचारांची ओढ असलेल्याने नांदेडचे पीपल्स कॉलेज पाहावे. विचारवंत नरहर कुरुंदकर तिथे शिकवत आणि पुढे प्राचार्य झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठही नांदेडलाच आहे; ते १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मुक्तिदिनीच स्थापन झाले. बाजारात रस असेल त्याने लातूरच्या गंजगोलाईत उभे राहावे. सोळा रस्ते तिथे एकत्र येतात आणि अनेक रस्त्यांना आपापला व्यापार आहे. तिथून आडत बाजारात जाऊन तूर-सोयाबीनचा सौदा पाहावा. भाविकाला गुरुद्वाऱ्याची वाट सांगावी लागत नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी गुरुपद ग्रंथसाहिबाला दिले ते नांदेडलाच, हे त्याला ठाऊकच असते. तो ज्या नदीकाठी उतरला आहे, त्या गोदाकाठच्या नंदगिरी किल्ल्याची ओळख मात्र त्याला करून द्यावी लागेल.

पालक म्हणतील, मुलांना वेळ कुठे आहे? त्यांची काळजी खरी आहे. फी भरताना अनेकांनी कर्ज काढलेले असते. पण टेस्ट झाल्यावरचा रविवारचा अर्धा दिवस पुस्तकातला धडा डोळ्यांनी पाहण्यात गेला, तर तो वाया जात नाही. शिकवणीच्या या लातूर पॅटर्नने खेड्यातल्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर होण्याचा विश्वास दिला, हे फार मोठे काम आहे. तीच मुले आपल्या प्रदेशाची ओळख न होता निघून गेली, तर उद्या या प्रदेशासाठी बोलणार कोण?

ही मार्गदर्शिका लिहिण्याचे काम एजन्सीला देऊ नये. इतिहास, भूगोल, मराठी आणि वाणिज्य विभागांतल्या विद्यार्थ्यांनी एकेक आवड वाटून घ्यावी, स्वतः फिरावे, एसटीच्या वेळा तपासाव्यात आणि गावकऱ्यांना विचारून लिहावे. विद्यापीठाने हा प्रकल्प म्हणून गुणांकित करावा. प्रवेशाच्या दिवशी फीच्या पावतीबरोबर ही छोटी पुस्तिका प्रत्येक मुलाच्या हाती द्यावी. नांदेड आणि लातूरच्या प्राचार्यांना ही विनंती आहे: येत्या जूनपासून सुरुवात करा.