चुकलेला थर

कराडजवळच्या एका गावात एक गवंडी राहत होता. त्याचा मुलगा अभ्यासात यथातथाच. तरी आठवीपर्यंत घरात कुणाला काळजी वाटली नाही, कारण पोरगं दरवर्षी वरच्या वर्गात जात होतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरवलं होतं. मुलं शाळेतून गळू नयेत हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच होता. पण पोरगं पुढच्या वर्गात गेलं तरी गणित मागच्याच वर्गात बसून होतं. नववीत तो कसाबसा सुटला. दहावीत गणितात शंभरपैकी 24 पडले, विज्ञानही गेलं.

गावात सल्ल्यांना तोटा नसतो. एक म्हणाला, दोनच विषय राहिलेत, एटीकेटीवर अकरावीला घाला. दुसरा म्हणाला, आयटीआय बघा. तिसऱ्याने तर सरळ बापाच्या हाताखाली घमेली उचलायला लावायला सांगितलं. मुलाने जुलैची फेरपरीक्षा धरली. 2015 पासून ही सोय झाली आहे, त्यामुळे वर्ष वाचू शकतं. त्याने अपेक्षित प्रश्नांची पुस्तकं आणली आणि उत्तरं घोकून काढली. विज्ञान सुटलं. गणित पुन्हा राहिलं, कारण आकडे बदलले की घोकलेलं गणित ओळख देत नाही.

मग तो बापाबरोबर कामावर जाऊ लागला. एके सकाळी बापाने आदल्या दिवशी दुसऱ्या कामगाराने बांधलेल्या भिंतीला ओळंबा लावला आणि म्हणाला, ‘‘उतरव वरचे थर.’’

‘‘आबा, गिलाव्यात झाकून जाईल की.’’

‘‘गिलावा किती जाड मारशील? अजून चढवली की अजून कलंल ती. उतरव.’’

माल अजून पुरता धरला नव्हता. मुलगा एकेक वीट काढून थापीने खरवडत खाली आला. वरच्या विटांत काही खोट नव्हती, दोरी लावून नीटच बसवल्या होत्या बिचाऱ्या. चूक निघाली ती खालून पाचव्या थरात. तिथे कोपऱ्याची वीट बाहेर आली होती आणि पुढचा प्रत्येक थर तिच्याच मागून गेला होता.

त्या संध्याकाळी तो गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे गेला. बाईंनी दहावीचं पुस्तक उघडलंच नाही. पाटीवर लिहिलं, 1/2 + 1/3.

त्याने वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले आणि लिहिलं, 2/5.

‘‘बरं,’’ बाई म्हणाल्या, ‘‘अर्धी वीट घेतलीस, तिला विटेचा तिसरा हिस्सा जोडलास. आता ती अर्ध्या विटेपेक्षा मोठी झाली की लहान?’’

‘‘मोठी.’’

‘‘आणि तुझे दोन पंचमांश?’’

तो बराच वेळ पाटीकडे बघत राहिला. पाचातले दोन म्हणजे अर्ध्याहून कमी! जोडल्यावर वीट लहान झाली होती.

बोधकथेत तात्पर्य शेवटी सांगायची रीत आहे. मी इथेच सांगून टाकतो: दहावीत जे अडतं ते बहुतेक वेळा दहावीचं नसतं. कुठल्या इयत्तेपासून बिघडलं ते शोधावं, लाज सोडून तिथपर्यंत खाली उतरावं आणि तिथून बांधत यावं. एटीकेटी, फेरपरीक्षा, या सोयी वाईट नाहीत. त्यांनी वेळ मिळतो. त्या वेळात काय करायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

लाज सोडणं मात्र सोपं नव्हतं. बाईंकडे त्याच सतरंजीवर शेजारची पाचवीतली मुलगी बसायची, आणि लसावि काढण्यात ती त्याच्या पुढे होती. ‘‘दादा, झालं का तुझं?’’ असं ती रोज विचारी. दिवाळीपर्यंत तो सातवीच्या गणितापाशी पोचला, संक्रांतीनंतर दहावीला हात घातला. मार्चमध्ये गणितात 58 पडले.

यात चमत्कार काही नाही. एकूण टक्केवारी बेताचीच होती. तंत्रनिकेतनाच्या पहिल्या फेरीत नाव नव्हतं. पुढच्या फेरीत, घरापासून लांब, स्थापत्यच्या डिप्लोमाला जागा मिळाली. पुढे डिप्लोमावरून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि त्या गुणवत्ता यादीत मुख्य जोर डिप्लोमाच्या गुणांवर असतो. तरी जुने गुण पुसले जात नाहीत. दहावीपासून सगळीकडे साठ टक्के मागणाऱ्या कंपन्या असतात, त्यांचं दार त्याला बंदच राहणार होतं. बाईंनी हे त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

पहिल्या सत्रात सरांनी फळ्यावर लॉगरिदमचं उदाहरण घेतलं. दोन पायऱ्या होताच मुलगा उभा राहिला. ‘‘सर, ही ओळ कशी आली? माझं घातांकांचं कच्चं आहे, शाळेतलंच.’’

वर्ग हसला. सरांनी खडू उचलला आणि घातांकाचे नियम पहिल्यापासून लिहून दिले.

रात्री होस्टेलवर त्याच्या खोलीत एक जण वही घेऊन आला. दहावीला 88 टक्के मिळवलेला. ‘‘सरांनी ते घातांकांचं लिहिलं ना,’’ तो म्हणाला, ‘‘मी पण नुसतं पाठच केलं होतं रे. तुला कळलं असेल तर सांग.’’