स्वधर्म आणि सुटणारी नोकरी

आमच्या गिरणीत कामगार कमी करणार, अशी बोलवा आहे. मी सूत कातायच्या रिंग फ्रेमवरचा माणूस; नोकरी गेली तर अकोल्याला रुग्णसेवेचं काम शिकेन म्हणतो. काकाजी विचारतात, "धंदा बदलवशील, पन स्वधर्माचं काय?" गीतेतला शब्द ते मनापासून वापरतात, म्हणून उत्तरही तसंच द्यायला हवं.

मला डेबूजी जानोरकर आठवतात. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेणगाव. वाढले मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाकडे. गुरं राखली, नांगर धरला, कसलेले शेतकरी झाले. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. १९०५ मध्ये डेबूजींनी घर सोडलं, हाती खराटा घेतला. पुढचे गाडगेबाबा सर्वांना ठाऊक आहेत. शेती सुटली, पण भाकरीआधी काम, हा नेम सुटला नाही. माझ्या मते स्वधर्म त्या नेमात आहे, यंत्रात नाही. तुटला धागा सांधणारी बोटं जखमही बांधू शकतात.

एक गोष्ट मात्र टोचते. बाबा निघाले, मागे त्यांच्या पत्नी कुंताबाईंनी लेकरं सांभाळली. त्यांच्या त्यागाबद्दल आपण फार कमी बोलतो. माझी बायको कपाशी वेचायला जाते; मी शिकेन तेव्हा घर तिच्यावर पडेल. म्हणून काकाजींना उत्तर देण्याआधी मी तिला विचारलं. "फी किती, ते सांगा आधी," ती म्हणाली.