मनाची वाटणी

इजिप्तमधल्या एका खेड्यात इ.स. २७०च्या सुमारास अँटनी नावाचा तरुण चर्चमध्ये शिरला, तेव्हा शुभवर्तमानातली श्रीमंत तरुणाची कथा वाचली जात होती. असेल नसेल ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये, असे येशूने सांगितल्यावर तो तरुण खिन्न होऊन निघून गेला होता. अँटनीने उलट केले. आईवडील नुकतेच वारलेले, घरात धाकटी बहीण आणि तीनशे अरूरा उत्तम जमीन. जमीन त्याने गावकऱ्यांना देऊन टाकली, चीजवस्तू विकून पैसा गरिबांना वाटला. बहिणीसाठी थोडे बाजूला ठेवले होते. पुढे उद्याची चिंता करू नका हे वचन कानी पडले तेव्हा तेही वाटून टाकले आणि बहिणीला व्रतस्थ कुमारिकांच्या हवाली केले. अथनासियसने लिहिलेल्या चरित्रात ही हकिकत आहे. ती वाचून पिढ्यान्‌पिढ्या माणसे वाळवंटाकडे निघाली.

पूर्ण मनाने प्रभूचे व्हायचे तर आड येणारे सोडावे, ही कल्पना इतकी सरळ होती. पौलानेही करिंथकरांना लिहिताना विवाहित माणसाचे मन विभागले जाते असे म्हटले होते. आड येणारे बाहेर आहे, घरात आणि शेतात आहे, असा समज होता.

वाळवंटाने तो टिकू दिला नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस तिथे राहणाऱ्या इव्हाग्रियसने एकांतवासी साधूच्या दुपारचे वर्णन केले आहे. सूर्य हलत नाही. साधू पुन्हापुन्हा खिडकीतून पाहतो, जेवणाची वेळ किती लांब आहे याचा अंदाज घेतो, कोणी बंधू येतोय का ते बघतो. मग वाटते, इथे कोणाला माझी पर्वा नाही. दुसरीकडे गेलो तर जास्त चांगली उपासना होईल. सोडायला काहीच उरलेले नसताना मन हे सगळे कुठून आणते? इव्हाग्रियसने अशा आठ विचारांची नोंद केली.

त्याच्या पाठोपाठ जॉन कॅसियनने, मार्सेच्या परिसरात लिहिताना, त्याहून बोचरी गोष्ट सांगितली. सोने-चांदी आणि मोठमोठी वतने सोडून आलेले साधू एका चाकूपायी, सुईपायी, लेखणीपायी चिडतात. कोणी आपल्याकडचा ग्रंथ दुसऱ्याला हातही लावू देत नाही. उपवास, जागरण, एकांत, शास्त्राध्ययन ही साधने आहेत, असे कॅसियन बजावतो. शुद्ध मन आणि त्यातले प्रेम हे साध्य. उपवास मोडला म्हणून भावावर रागावलात, तर तो उपवासच देवाच्या आड आला. मला या विचाराच्या साऱ्या प्रवासातले हे सर्वांत मोठे वळण वाटते, कारण इथे पहिल्यांदा भक्तीची साधनेच संशयाच्या कक्षेत आली.

सोळाव्या शतकात ल्यूथरने मठाच्या शपथेलाच हात घातला आणि पाचारण चांभाराला, दाईला, सगळ्यांना आहे असे ठासून सांगितले. त्याच शतकात स्पेनमध्ये क्रूसाचा संत योहान मठात राहूनच आणखी खोल गेला. जपमाळ याच घडणीची हवी, मूर्ती तीच हवी, प्रार्थनेत गोडी वाटलीच पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्या भाविकांबद्दल तो लिहितो. त्याच्या ओळखीच्या एका माणसाने झाडाच्या फांदीचा, टाचणीने जोडलेला ओबडधोबड क्रूस दहा वर्षांहून अधिक काळ वापरला. दुसऱ्या कोणाची जपमाळ माशाच्या काट्याच्या मण्यांची होती. त्यांची भक्ती त्यामुळे उणी झाली नाही, हे तो कौतुकाने नोंदवतो. आज एका प्रवचनातून दुसऱ्या प्रवचनात, या शिबिरातून त्या शिबिरात आणि दर आठवड्याला नव्या उपासनागीतात गोडी शोधत फिरणाऱ्या आपण ख्रिस्ती माणसांनी योहान वाचायला हवा. आपली भूक खरी आहे, पण ती देवाची आहे की गोडीची?

मराठीत हा विचार कवी नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात उतरला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते अमेरिकन मराठी मिशनच्या कामात शिरले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, स्वतःला ख्रिस्ती संन्यासी म्हणवले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. म्हणजे पगारासोबत त्यांनी चर्चचे कुंपणही सोडले. अभंग मात्र सोडला नाही. ख्रिस्ती झालेल्या माणसाने मागे टाकावे असे अनेकांना वाटणारे तुकोबा हेच त्यांच्या लेखी ख्रिस्ताकडे आणणारा पूल होते. काय आड येते आणि काय पोहोचवते, हे वस्तू पाहून ठरत नाही, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

पण अँटनीच्या बहिणीचे काय? तिचे नावही चरित्रात नाही. सोडणाऱ्यांनी आणि त्यांच्या भक्तांनी लिहिलेल्या या इतिहासात, जिला सोडले तिची बाजू क्वचितच येते. मराठीत ती आली, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात. टिळकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन मागे राहिल्या. काही वर्षांनी नवऱ्याकडे आल्या तरी सोवळे पाळत होत्या, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला, हे स्वतःच्या विचाराने पटले तेव्हा त्यांनी तो टाकला. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्याच्या त्यागाची झळ त्यांनी आयुष्यभर सोसली, त्याबद्दल लपवाछपवी न करता लिहिले, आणि १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले.